मिश्र पद्धतीच्या जर्मन-जपानी वर्गांत बोलण्याचा तास कुठे गेला?

जुळे_सोलापूर

जर्मन शिकायचं तर सोलापूरच्या मुलांना पूर्वी पुण्यात खोली करून राहावं लागायचं. मॅक्स म्युलर भवन, रानडे इन्स्टिट्यूट ही नावं आम्ही मोठ्या भावंडांच्या तोंडून ऐकलेली. अडीचशे किलोमीटर लांब राहायचं, मेसचं जेवायचं आणि मग कुठे ए१, म्हणजे भाषेची पहिली पायरी. ज्यांच्या घरी हे परवडत नव्हतं त्यांचा विषय तिथेच संपायचा. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, सुरुवातीला १० हजार जणांचा आकडा जाहीर झाला आणि नर्सिंग, आयटीआय, हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलामुलींनी इथेच जर्मनची चौकशी सुरू केली. जपानीचंही थोड्याफार फरकाने तसंच. आता शहरात वर्ग आहेत, आणि मी पाहिलेत ते बहुतेक 'ब्लेंडेड' आहेत. आठवडाभर व्हिडिओ बघायचे, एक-दोन संध्याकाळी झूमवर भेटायचं, रविवारी प्रत्यक्ष वर्ग.

मी बी१ची, म्हणजे ए१, ए२नंतरच्या तिसऱ्या पायरीची, तयारी करते आहे. माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे वाद नीट होईल. मिश्र पद्धत मला हवी आहे. पण आज ती ज्या तऱ्हेने राबवली जाते त्यात कात्री लागते ती नेमकी बोलण्याच्या वेळेला.

कसं ते सांगते. ठरलेलं असं असतं की व्याकरण घरी व्हिडिओत बघून यायचं आणि रविवारी वर्गात फक्त त्याचा वापर करायचा, म्हणजे बोलायचं. प्रत्यक्षात निम्मी बॅच व्हिडिओ न बघता येते. मग मॅडम फळ्यावर तेच व्याकरण पुन्हा समजावतात. ज्यांनी बघितलं ते तासभर बसून राहतात. पुढच्या आठवड्यात तेही बघत नाहीत, कारण वर्गात सगळं पुन्हा होणारच आहे हे त्यांना कळलेलं असतं. महिन्याभरात रविवारचा वर्ग म्हणजे व्हिडिओचीच दुसरी आवृत्ती होते. संवादासाठी शेवटची दहा मिनिटं उरतात, आणि त्यात पहिल्या बाकावरचे तिघे बोलतात.

परीक्षेत काय असतं? गोएथे इन्स्टिट्यूटच्या बी१च्या प्रमाणपत्र परीक्षेला वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार वेगळे भाग असतात आणि प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात. एका भागात कमी पडलात तर दुसऱ्यातले जास्तीचे गुण उपयोगाला येत नाहीत. संभाषण साधारण १५ मिनिटांचं, आणि ते बहुधा जोडीने होतं. समोरच्याबरोबर काहीतरी ठरवायचं असतं, म्हणजे सहल म्हणा, कुणाला भेटायला दवाखान्यात जायचं म्हणा. मग एका विषयावर थोडं बोलायचं आणि प्रश्नांना उत्तरं द्यायची. समोरचा काय म्हणेल ते आधी माहीत नसतं. व्हिडिओ तुम्हाला उलट प्रश्न विचारत नाही.

यूजीसीने २०२१मध्ये मिश्र पद्धतीचा मसुदा काढला तेव्हा कोणत्याही विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन चालेल असं म्हटलं होतं. खासगी वर्गांना ते लागू नाही, पण कॉलेजांतही चर्चा याच आकड्याभोवती फिरते. किती टक्के ऑनलाइन, हे सगळे विचारतात. त्या टक्क्यांत काय टाकलं, हे कुणी विचारत नाही. इतिहासाचे ४० टक्के आणि जर्मनचे ४० टक्के एकाच मापाने कसे मोजता येतील?

शिकणाऱ्यांनीच बोलावं अशी इच्छा आहे. ऑनलाइन काय जावं आणि वर्गात काय राहावं?

---

बार्शी_तालुका

ताई, तुमचा पहिला परिच्छेद पटला आणि नंतरचं बरंचसं पटलं नाही.

मी बार्शीच्याही पुढच्या गावात राहते. सोलापूरला यायचं तर आधी बार्शी, मग तिथून पुढे दीड-दोन तास एसटी. मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याचा फार उपयोग झाला. पण वेळ काही अर्धा झाला नाही. रविवारचा वर्ग संध्याकाळी सुटला की परतीची गाडी मिळेल का, ही काळजी वर्गात बसल्यापासून डोक्यात असते. घरच्यांच्या डोक्यात तर ती मी निघाल्यापासून असते. प्रत्यक्ष वर्ग वाढवा असाच तुमच्या लिहिण्याचा रोख वाटतो, पण त्यातून सगळ्यात आधी गळणार त्या माझ्यासारख्या मुली.

आणि बोलण्याचा मुद्दा. वर्गात पहिल्या बाकावरचे तिघेच बोलतात असं तुम्हीच लिहिलंय. मग तो तास वाढवून ते तिघे आणखी बोलतील, एवढंच होईल ना? मी सुरुवातीला प्रत्यक्ष वर्गाला येत होते तेव्हा शहरातली इंग्लिश मीडियमची मुलं धडाधड बोलायची. चुकली तरी हसून पुढे जायची. मी वाक्य मनात जुळवेपर्यंत विषय बदललेला असायचा. झूमवर तिघातिघांच्या खोल्या केल्या की तसं होत नाही. तिघंच असतो, गप्प राहिलं तर शांतता पसरते, त्यामुळे बोलावंच लागतं. कॅमेरा बंद असला की माझा चेहरा कुणी बघत नाही. माझं पहिलं सलग जर्मन बोलणं अशाच एका खोलीत झालं.

उच्चारांसाठी तर रेकॉर्डिंगला पर्याय नाही. उमलाउटवाले, म्हणजे डोक्यावर दोन टिंबं असलेले, स्वर वर्गात मॅडम दोनदा म्हणून दाखवतात आणि पुढे जातात. मी ते रात्री हेडफोन लावून हवे तेवढ्या वेळा ऐकते, स्वतःचं रेकॉर्ड करते, दोन्ही शेजारी ठेवून ऐकते. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा ए१ ते बी१चा अभ्यासक्रम फुकट आहे, तोही मी असाच केला.

म्हणून माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. बोलणं लहान गटात ऑनलाइन न्या. प्रत्यक्ष भेट महिन्यातून एकदा पुरे.

---

अशोक_चौक

बार्शीच्या ताईंना घरी हेडफोन लावून बोलायला जागा आहे, ही मोठी गोष्ट आहे. आमच्याकडे पूर्व भागात काय परिस्थिती असते ते सांगतो.

दोन खोल्या. शेजारी माग चालतात, दिवसभर खडखडाट. आई विड्या वळते, तिच्याबरोबर शेजारच्या दोघी-तिघी बसलेल्या. त्या सगळ्यांसमोर मोबाइल धरून 'इष हायसं', म्हणजे 'माझं नाव अमुक', म्हणायचं. पहिल्या दिवशी सगळ्यांना कौतुक वाटतं, नंतर कुणी ना कुणी मध्ये बोलतंच. त्यात पाणी चार-पाच दिवसांनी येणार आणि कधी येणार ते आधी कळत नाही. ज्या संध्याकाळी नळ सुटला त्या संध्याकाळी झूम गेलं. घागरी भरायच्या सोडून मी 'म्यूट काढा' ऐकत बसू शकत नाही. घरात मोबाइल एकच, तोही भावाच्या ड्यूटीच्या वेळा बघून.

मला वर्ग हवा तो याचसाठी. तिथे दोन तास मला कुणी हाक मारत नाही.

दुसरी गोष्ट, जी पुण्याहून बनून आलेल्या व्हिडिओंना कधीच कळणार नाही. आमच्या घरी तेलुगू, गल्लीत मराठी, आजीच्या माहेरची कन्नड, मोदी भागातल्या मित्रांबरोबर दखनी. सोलापुरात चार भाषा येणारं पोर म्हणजे काही विशेष नाही. तेलुगूत आणि कन्नडमध्ये ऱ्हस्व ए-ओ वेगळे, दीर्घ ए-ओ वेगळे, त्यांची अक्षरंसुद्धा वेगळी. मराठीत तो भेद अर्थ बदलत नाही. जर्मनमध्ये बदलतो. 'उघडा' आणि 'भट्टी' हे जर्मन शब्द देवनागरीत आपण दोन्ही 'ओफन'च लिहू, पण एकात ओ आखूड आणि दुसऱ्यात लांब. आमच्या वर्गातल्या तेलुगूभाषक मुलांना हे पहिल्याच ऐकण्यात कळलं, मराठीभाषक मित्रांना जड गेलं. सरांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी आम्हाला त्यांच्याबरोबर जोडीला बसवलं. जपानीतही ऱ्हस्व-दीर्घाने शब्द बदलतो असं तिथल्या मुलांकडून ऐकलंय. हे समोर मुलं बसलेली असल्याशिवाय कुठल्या शिक्षकाला सुचेल?

जुळे सोलापूरच्या ताईंशी एकाच बाबतीत मतभेद आहे. वर्गात फक्त बोलणंच हवं असं नाही. लिहिलेलं पत्र समोर बसून तपासून घेणं मला तेवढंच महत्त्वाचं वाटतं. गूगल क्लासरूमवर लाल रेघ येते. ती का आली ते नीट कळत नाही.

---

एन४_डिसेंबर

सगळी चर्चा जर्मनवर चालली आहे म्हणून जपानीवाल्यांच्या वतीने लिहितो.

जेएलपीटीत, म्हणजे जपानीच्या प्रमाणपत्र परीक्षेत, संभाषणाचा भागच नाही. शब्द, व्याकरण, वाचन, श्रवण एवढंच असतं आणि सगळे प्रश्न पर्यायी. सगळ्यात सोप्या एन५पासून सगळ्यात अवघड एन१पर्यंत हेच. परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये, केंद्र पुण्यात. एक संधी हुकली की निदान पाच महिने गेले. अशा वेळी माझा रविवार मी कशासाठी खर्च करू? कांजी, म्हणजे जपानीतली चिनी वळणाची चिन्हं, वर्गात बसून पाठ होत नाहीत. मी अँकीवर रोज थोड्या थोड्या करतो. ज्या विसरतो त्या ते ॲप लवकर समोर आणतं, ज्या पक्क्या झाल्या त्या उशिरा. हे काम कुठलाही शिक्षक पंचवीस मुलांसाठी करू शकणार नाही. जपान फाउंडेशनच्या मिनातो या साइटवर श्रवणाचा सरावही भरपूर आहे.

व्याकरणाचं म्हणाल तर मराठी माणसाला जपानी वाक्याची घडण फार परकी वाटत नाही. क्रियापद शेवटी येतं, आणि आपण 'ला', 'ने', 'त' लावतो तसे त्यांचेही प्रत्यय शब्दामागे लागतात. एक चांगला व्हिडिओ आणि एक चांगलं पुस्तक यांवर निम्मी वाट सरते.

म्हणून सगळ्या परदेशी भाषांना एकच नियम लावू नका. ज्याला ऑनलाइन जास्त हवं त्याला तसं घेऊ द्या. माझ्या वर्गात हजेरीची अट आहे आणि ती मला अन्यायाची वाटते. दर रविवारी दुपार जाते आणि हातात काही येत नाही.

---

जुळे_सोलापूर

एन४_डिसेंबर, एक विचारते. प्रमाणपत्र मिळाल्यावर कंपनीची मुलाखत असेल ना? ती पर्यायी प्रश्नांची नसेल. एन३ हातात असलेले आणि मुलाखतीत दोन वाक्यांनंतर अडणारे माझ्या ओळखीत आहेत.

---

एन४_डिसेंबर

असेल ना. पण मुलाखतीपर्यंत पोचायला आधी प्रमाणपत्र लागतं. एन४ नसेल तर बायोडाटा कुणी उघडत नाही. माझे वडील टॉवेलच्या कारखान्यात आहेत आणि माझ्या शिक्षणाला त्यांनी ठरावीक पैसे बाजूला ठेवलेत. त्या पैशांत आधी परीक्षा, मग बोलणं. ज्याच्याकडे दोन्हीसाठी वेळ आणि पैसा आहे त्याने दोन्ही करावं, मी अडवत नाही. मला सक्ती नको, एवढंच.

---

भाषा_शिकवते

ताईंनी फक्त शिकणाऱ्यांना बोलावलं आहे, तरी मी लिहिते. सोलापुरातच जर्मन शिकवते. इथे ज्या मॅडमांचं वर्णन आलं तशीच मीही एक.

दहा मिनिटांचा एक व्हिडिओ करायला किती वेळ जातो याची विद्यार्थ्यांना कल्पना नसते. मुद्दे काढा, स्लाइड करा, बोला, अडखळलं की पुन्हा बोला, शांत खोली शोधा, मग अपलोड. आम्हाला मानधन मिळतं ते वर्गातल्या तासाचं. व्हिडिओ, प्रश्नमंजूषा, रात्री साडेदहाला येणारे व्हॉइस मेसेज यांचे पैसे कुणी देत नाही. संस्थाचालक 'ब्लेंडेड' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांना म्हणायचं असतं की भाड्याची खोली कमी तास लागेल. मिश्र पद्धतीत शिक्षकाचं काम वाढतं आणि त्याचा मोबदला तोच राहतो, हे विद्यार्थ्यांनीही लक्षात घ्यावं असं मला मनापासून वाटतं. तुमचा बोलण्याचा तास जातो त्याचं एक कारण हेही आहे. दमलेल्या शिक्षकाला फळ्यावर व्याकरण समजावणं सोपं पडतं. पंचवीस जणांना बोलतं करणं फार कष्टाचं काम आहे.

आता पुन्हा समजावण्याबद्दल. मी ते बंद करून पाहिलं. वर्ग सुरू झाला की पाच मिनिटांची छोटी चाचणी. ज्यांनी व्हिडिओ पाहिला ते सरळ संवादाला. ज्यांनी नाही पाहिला त्यांनी मागच्या बाकावर बसून मोबाइलवर तो आधी पाहायचा, मग गटात यायचं. कुणाला रागावले नाही. तरी पालकांचे फोन आले की आम्ही फी भरतो आणि तुम्ही शिकवत नाही. मुलंही नाराज झाली. बोलायचंय असं सगळे म्हणतात, पण जोड्या करून उभं केलं की माना खाली जातात आणि कुणीतरी विचारतं, 'मॅडम, ते अक्कुझाटिव्ह (कर्माची विभक्ती) परत एकदा सांगता का?' कारण ऐकून घेण्यात जोखीम नसते.

मी ती चाचणी सोडलेली नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून मागचा बाक रिकामा होऊ लागतो. पण तोवर टिकून राहायला संस्थेचं पाठबळ लागतं.

---

बार्शी_तालुका

मॅडम, तुमच्या मानधनाचं तुम्ही म्हणता ते योग्यच आहे, आणि विद्यार्थ्यांनी त्यासाठी बोललं पाहिजे.

पण मागच्या बाकाचं मला खटकलं. व्हिडिओ न बघणारा प्रत्येकजण आळशी नसतो. आमच्याकडे दिवसाचा दीड जीबी डेटा, त्यात घरातल्या दोघांचं चालतं. जोराचा पाऊस आला की टॉवर जातो. व्हिडिओ फक्त साइटवर चालतो, उतरवून घेता येत नाही. तो लहान आकारात व्हॉट्सॲपवर आला तर मी बार्शीत मैत्रिणीच्या वायफायवर घेऊन ठेवीन. नुसता आवाज आणि सोबत दोन पानांची पीडीएफ असली तरी भागतं. ही सोय न करता मागच्या बाकावर बसवणं म्हणजे गावाकडच्यांना पुन्हा मागे ढकलणं.

---

भाषा_शिकवते

उतरवून घेता येईल असं देणं सहज शक्य आहे. माझ्या वर्गापुरतं मी ते करते. चाचणी मात्र राहील.

---

नेकार_लांब

मी मूळची सोलापूरची, सध्या बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये एका रुग्णालयात नर्स आहे. रात्रपाळीनंतर हे वाचलं, म्हणून लिहिते. इथे येऊ पाहणारे बरेच जण ही चर्चा वाचतील.

नर्स म्हणून मान्यता मिळवायची तर साधारण बी२पर्यंत जावं लागतं. माझा बी१चा काही भाग आणि बी२ जवळजवळ सगळा ऑनलाइन झाला. शिक्षक चांगले होते. परीक्षा नीट पार पडली. आणि वॉर्डात पहिल्या आठवड्यात फोन वाजला की मी लांब सरकायचे.

कशामुळे, यावर मी बराच विचार केला आहे. झूमवर एका वेळी एकच माणूस बोलतो. दोघे बोलले की आवाज तुटतो, म्हणून सगळे थांबतात आणि 'तू आधी बोल' म्हणतात. आम्ही दोन वर्षं असंच शिष्टाचाराने शिकलो. पाळी बदलताना जेव्हा रुग्णांची माहिती पुढच्या नर्सला द्यायची असते तेव्हा तसं घडत नाही. तिघी एकदम बोलतात, मध्येच कुणी प्रश्न टाकतं, मागे मॉनिटर वाजतो, एखादे आजोबा घंटा दाबून बोलावतात आणि इथल्या श्वाबियन बोलीत काहीतरी सांगतात जे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मध्ये तोंड घालायचं कसं, 'थांबा, मला समजलं नाही, पुन्हा सांगा' हे न लाजता आणि पटकन म्हणायचं कसं, एवढं जरी मी वर्गात पंचवीस जणांच्या गलक्यात शिकले असते तरी पहिले दोन महिने वेगळे गेले असते. रुग्णाच्या औषधाचा डोस अर्धवट समजून 'हो' म्हणणं परवडत नाही.

बार्शीच्या ताईंना माझं कळकळीचं सांगणं. तिघांची ऑनलाइन खोली सुरुवात म्हणून उत्तम आहे, मीही तिथेच बोलू लागले. पण तिथेच राहू नका. कॅमेरा बंद ठेवून बोलायची सवय झाली की समोर माणूस आला की ती सवय आडवी येते. इथे रुग्ण तुमच्या ओठांकडे बघत असतो.

एन४_डिसेंबरना एवढंच सांगेन की प्रमाणपत्राने दार उघडतं हे खरं. आत गेल्यावर पहिल्या दिवशी कुणी प्रमाणपत्र बघत नाही.

---

भैय्या_चौक

डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे. १९३८मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, तिथली भाषा शिकले, तिथल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवलं. डिसेंबर १९४२मध्ये वयाच्या ३२व्या वर्षी तिथेच गेले. कुठलं ॲप होतं त्यांच्याकडे? माणसांत राहून भाषा आली. त्यांचं स्मारक ज्या गावात आहे तिथल्या मुलांनी व्हिडिओंवर विसंबून राहावं हे मनाला पटत नाही. भाषेचा वर्ग पूर्ण प्रत्यक्षच हवा, चाळीस टक्केही नको.

---

बार्शी_तालुका

काका, डॉ. कोटणीसांबद्दल आम्हालाही अभिमान आहे. पण ते चीनमध्ये होते. सकाळी उठल्यापासून त्यांच्या कानावर चिनीच पडत होती. बार्शी तालुक्यात माझ्याशी जर्मन बोलणारं कोण आहे? सोलापुरातल्या रविवारच्या वर्गातही आम्ही सगळे मराठी, तेलुगू बोलणारेच. मी आठवड्यातून एकदा एका जर्मन मुलीशी व्हिडिओ कॉलवर बोलते. अर्धा तास ती मराठी शिकते, अर्धा तास मी जर्मन. माणसांत राहण्याच्या सगळ्यात जवळ मी गेले ती त्या कॉलवर, आणि तो कॉल ऑनलाइनच आहे. पूर्ण प्रत्यक्ष म्हणाल तर तोही गेला.

नेकार_लांब ताई, तुमचं मात्र लागलं. 'मध्ये तोंड घालायचं' मला मराठीतही जमत नाही. हे तिघांच्या खोलीत शिकता येणार नाही, हे मान्य.

---

अशोक_चौक

भैय्या चौकच्या काकांशी मी अर्धा सहमत आहे. आम्ही गल्लीत तीन भाषा शिकलो त्या माणसांत राहूनच. पण त्या शिकायला वीस वर्षं मिळाली आणि त्याची फी नव्हती. जर्मनला आमच्याकडे वर्ष-दीड वर्ष आहे. तेवढ्यात बी१ करायचं तर शब्द आणि व्याकरण घरी उरकावंच लागणार, मग नळ सुटो की न सुटो.

बे, एक सोपी गोष्ट कुणी का करत नाही? वर्गाच्या खोल्या आठवडाभर रिकाम्या असतात. संध्याकाळी दोन तास नुसत्या उघड्या ठेवा, वायफाय द्या. ज्याच्या घरी जागा नाही तो तिथे येऊन व्हिडिओ बघेल, झूमला बसेल. शिक्षक नसले तरी चालेल. आमच्यासारख्यांचा निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

---

जुळे_सोलापूर

हे सगळं वाचून आमच्या बॅचमधल्या काही जणांशी बोलले. आम्ही वर्गाकडे लेखी मागणी करतो आहोत. त्यात काय आहे ते इथे टाकते, दुरुस्त्या सुचवा.

दर रविवारी दोन तासांऐवजी महिन्यातून दोन रविवार, पण सकाळी अकरा ते दुपारी चार. त्या दिवशी फळ्यावर व्याकरण अजिबात नाही. सकाळी जोड्यांनी बोलणं, आणि जोड्या दर वेळी बदललेल्या, म्हणजे तेच तिघे बोलणार नाहीत. जेवणानंतर नेकार_लांब ताईंनी सांगितलं तसे गलक्यातले सराव: फोनवर निरोप घेणं, एकाने बोलताना दुसऱ्याने अडवणं, न समजल्यावर विचारणं. शेवटी तासभर लेखन तपासणी, समोर बसून. हे अशोक चौकच्या दादांचं. आठवड्याच्या मधल्या दोन संध्याकाळी तिघातिघांच्या ऑनलाइन खोल्या, त्यात पहिला महिना कॅमेरा बंद चालेल, नंतर सुरू. व्हिडिओ उतरवून घेता येतील असे, सोबत आवाजाची वेगळी फाइल. मॅडमांची पाच मिनिटांची चाचणी राहील. खोल्या संध्याकाळी उघड्या ठेवायची मागणीही घातली आहे.

मॅडमांनी मानधनाचं लिहिलं ते आम्ही मागणीत पहिलंच घातलं आहे: ऑनलाइन कामाचे तास मोजून पैसे द्यावेत. त्यासाठी फी थोडी वाढली तर आमच्यातल्या बहुतेकांची तयारी आहे. सगळ्यांची नाही, हेही सांगते.

भैय्या चौकच्या काकांना पूर्ण प्रत्यक्ष वर्ग हवा आहे. ते मला मान्य नाही, त्यात निम्मी बॅच गळेल.

---

एन४_डिसेंबर

जर्मनसाठी ठीक आहे. आमच्या वर्गात हे आणू नका. आणलंच तर परीक्षेच्या आधीचे दोन महिने हजेरीतून सूट द्या. फी वाढवायला माझा विरोध आहे. ज्याला बोलण्याचा तास हवा त्याच्याकडून त्याचे वेगळे पैसे घ्या.

---

भाषा_शिकवते

वेगळे पैसे घेतले की बोलणं हा ऐच्छिक विषय होतो आणि गरजू मुलं तोच आधी सोडतात. हे मी होताना पाहिलं आहे. फी एकच असावी.

आणि पाच तास सलग बोलायचं तर वीसच्या वर मुलं नकोत. तेवढं त्या मागणीत घाला, नाहीतर मला ते झेपणार नाही.

---

जुळे_सोलापूर

वीसची मर्यादा घालते. फीचं उद्या बॅचमध्ये पुन्हा बोलते, एन४_डिसेंबर म्हणतात तसं म्हणणारे आमच्यातही दोघे-तिघे आहेत.

---

बार्शी_तालुका

महिन्यातून दोन रविवार मला जमतील, घरी तसं सांगितलं आहे. पण अकराला पोचायचं तर मला पहिल्या गाडीने निघावं लागेल आणि ती रविवारी कधी कधी येत नाही. साडेअकरा ठेवा, आणि चाराच्या पुढे अजिबात नेऊ नका.